वाड्याला दोन दिंड्या

"बाबा, मी बोलतोय ते दादाला ऐकूच जात नाहीये!"

रविवारी सकाळी आमच्या घरी हा आक्रोश ठरलेला. दादा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, टोरांटोला असतो. आठवड्यातून एकदा दोघे चुलतभाऊ प्लेस्टेशनवर खेळतात. महिनाभर मात्र कधी गाठ पडेना, कधी आवाज जाईना.

"बरंच झालं. पुस्तक घेऊन बस," मी म्हणालो.

"पण दादाशी मी तेवढंच बोलतो ना!"

हे मात्र मला लागलं. चष्मा पुसून मी राउटरपुढे बसलो. वेग मोजला, तो उत्तम. प्लेस्टेशनवर मात्र 'नॅट टाइप ३' अशी अक्षरं.

भानगड अशी आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते जगाला पुरत नाहीत. म्हणून घरातल्या सगळ्या यंत्रांना मिळून बाहेर एकच पत्ता असतो, जुन्या वाड्यासारखा. राउटर म्हणजे दिंडीवरचा राखणदार. आतल्या बिऱ्हाडाने पत्र धाडलं असेल तर उत्तर बरोबर त्याच्या खोलीत पोचवतो. अनोळखी पाहुण्याला दारातूनच परतवतो. खेळात दादाचं यंत्र आमच्या यंत्राला थेट हाक मारतं आणि तिथेच अडतं.

आमच्या वाड्याला तर दोन दिंड्या निघाल्या! कंपनीचा राउटर होताच. महिन्यापूर्वी मीच हौसेने दुसरा आणून त्याला जोडला होता. या नव्याचा 'बाहेरचा' पत्ता १९२.१६८ने सुरू होत होता. म्हणजे तो पहिल्यानेच दिलेला, घरातलाच! नव्याला 'ॲक्सेस पॉइंट' केलं, त्याची राखणदारी संपली. जुन्यावर 'यूपीएनपी' सुरू केलं, म्हणजे प्लेस्टेशन हवं ते दार स्वतः उघडून घेतं. ही सोय घरातल्या कुठल्याही यंत्राचं ऐकते, म्हणून राउटरचा मूळ पासवर्डही बदलला. सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. टाइप २!

तुमच्या राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर मात्र कंपनीनेच अनेक घरं एका पत्त्यावर बसवलेली असतात. तिथे घरची खटपट पुरत नाही. स्वतंत्र पत्ता मागावा लागतो.

इतक्यात टोरांटोहून स्वच्छ आवाज आला, "काका, आजी कशी आहे?"

पुस्तक घेऊन बस म्हणणारा मी तासभर तिथेच बसून राहिलो.