घरकुलाचा हप्ता

किनवट तालुका डोंगराचा आणि सागाच्या रानाचा. रानाच्या कडेला कोलामांच्या वस्त्या आहेत. कुडाच्या भिंती, वर गवत नाहीतर कौले. पावसाने भिंतीची माती धुऊन जाते. पावसाळा सरला की पुन्हा लिंपायचे.

15 नोव्हेंबर 2023 रोजी पंतप्रधान जनमन योजना सुरू झाली. ती कोलामांसारख्या अति मागास आदिवासी जमातींसाठी. तिच्यात पक्क्या घरासाठी 2 लाख रुपये ठरले. तुम्ही म्हणाल, पैसा सरकार देते, मग संस्थेचा घरकुल-कार्यकर्ता कशाला? तो काय करतो ते पाहा.

समजा, एका आजीचे घर जोत्यापर्यंत आले आणि थांबले. कार्यकर्ता वस्तीवर आला.

"आजी, काम का थांबलं?"

"हप्ता आला न्हाई, बाबा. मिस्त्री दुसऱ्या गावाला गेला. जुनं घर मोडून बसले. आता पावसात कुठं जाऊ?"

कार्यकर्त्याने बँकेचे पुस्तक मागितले. घोटाळा तिथेच निघाला. खाते आधारला जोडलेले नव्हते. हा पैसा थेट खात्यात येतो. जोडणी नसली तर हप्ता वाटेतच अडतो. तो आजीला घेऊन बँकेत गेला.

दुसरी अडचण फोटोची. पैसा एकदम मिळत नाही, कामाच्या टप्प्याने मिळतो. जोते झाले की जागेवर उभे राहून मोबाईलवर फोटो काढतात. त्या फोटोबरोबर जागेचीही नोंद होते. तो सरकारी यंत्रणेत चढला नाही, तर पुढचा हप्ता निघत नाही. कार्यकर्ता पंचायत समितीत गेला, घरकुलाच्या अभियंत्याला भेटला, फोटोचा दिवस ठरवून आला.

तिसरी अडचण मात्र कागदाची नव्हती. घर कमीत कमी 25 चौरस मीटर हवे, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट. स्वयंपाकाची जागा त्यातच. आजीच्या मुलाने जोते जवळजवळ दुप्पट घातले होते. त्याला तरी काय दोष द्यावा? जन्मात एकदा घर बांधायचे, मोठेच बांधू, असे कोणालाही वाटते. पण पहिला पैसा पायात जातो आणि भिंती उभ्याच राहत नाहीत. अर्धवट राहिलेल्या पुष्कळ घरांचे दुखणे हेच असते.

"दादा, भिंत आत घ्या," कार्यकर्ता म्हणाला. "आधी एक खोली आणि चूल. राहिलेल्या जोत्यावर ओसरी होईल."

मुलगा थोडा नाराज झाला. पण कबूल झाला.

जाताना कार्यकर्त्याने दोन गोष्टी बजावल्या. हप्ता काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर एक रुपयाही द्यायचा नाही. आणि शेजाऱ्यांना सांगायचे की, राहायची दुसरी सोय होईपर्यंत जुने घर मोडू नका.

त्या रात्री आजीसाठी जोत्याच्या कोपऱ्यावर बांबू रोवून ताडपत्री बांधली. फोटोला अजून चार दिवस होते.