योला : इंग्रजीची एक विस्मृत बहीण

सोळाव्या शतकांतील गोष्ट. आयर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यांतील वेक्सफर्ड परगण्यांत तंटे मिटविण्यासाठीं एक इंग्रज सरदार आला होता. खेडुतांचीं गाऱ्हाणीं ऐकतां ऐकतां त्यास मधूनच एखादा शब्द, एखादें वाक्यही उमगूं लागलें. तेव्हां, आपणांस आतां आयरिश भाषा लवकरच अवगत होणार, अशी त्याची खात्री झाली. बिचाऱ्यास ठाऊक नव्हतें, कीं ते लोक आयरिश मुळीं बोलतच नव्हते. ती होती त्याचीच इंग्रजी! ही मौज रिचर्ड स्टॅनिहर्स्ट यानें १५७७ सालीं नमूद करून ठेविली आहे.

या बोलीस पुढें 'योला' हें नांव पडलें. योला म्हणजे जुनी. ११६९ सालीं नॉर्मन सरदारांच्या फौजा बॅनो येथें उतरल्या, व त्यांच्या मागोमाग आलेले इंग्रजी बोलणारे लोक फोर्थ व बार्जी या दोन तालुक्यांत स्थायिक झाले. एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगर. त्यामुळें इंग्लंडांत पुढें स्वरांचे उच्चार पालटले, तरी येथें तें वारें पुरतें पोंचलें नाहीं. येथें बापास 'व्हादर', गाण्यास 'झाँग', आणि 'केव्हां' या अर्थीं 'फॅन' म्हणत. 'मी' याला जुना 'इच' हा शब्दही येथें टिकून राहिला होता.

१६४९ मध्यें क्रॉम्वेलच्या सैन्यानें वेक्सफर्ड शहर लुटलें. पुढें जुन्या घराण्यांच्या जमिनीही गेल्या. तरी बोली तगली. तिला खरा धक्का बसला तो शाळा, बाजार व दळणवळण यांच्या योगें. १८३१ पासून सरकारी शाळा निघूं लागल्या, आणि त्यांत प्रमाण इंग्रजी आली. आमच्या मतें योलेचें दुर्दैव तिच्या नात्यांतच होतें. अगदीं परक्या भाषेपुढें बोली ताठ उभी राहूं शकते; सख्ख्या बहिणीशेजारीं मात्र ती केवळ 'अशुद्ध' ठरते, आणि अशुद्ध बोलण्याची लाज प्रथम मुलांस वाटते. हा अनुभव कोणत्याही घरास अगदींच परका नसावा.

तिचा सरकारी मान झाला तोही असा अखेरच्या घटकेस. १८३६ सालीं आयर्लंडचे लॉर्ड लेफ्टनंट अर्ल ऑफ मलग्रेव्ह यांस बॅलिट्रेंट येथें योलेंतून मानपत्र अर्पण करण्यांत आलें. तोंवर ती बोलणारीं माणसें विरळ झालीं होतीं.

याहून मोठें काम जेकब पूल नांवाच्या एका क्वेकर पंथाच्या शेतकऱ्यानें आधींच केलें होतें. आसपासच्या लोकांच्या तोंडून ऐकलेले शब्द व गाणीं टिपून त्यानें एक कोशच सिद्ध केला. १८२७ सालीं तो वारला. ते कागद चाळीस वर्षें पडून राहिले, आणि १८६७ सालीं डॉर्सेटच्या बोलींत कविता करणारे विल्यम बार्न्स यांनीं ते संपादून छापिले. पुस्तक निघालें, तेव्हां त्यांतील शब्द घरांत सहज बोलणारें माणूस जवळजवळ उरलें नव्हतें.