शेवट कुणाचा?

मंडळी, आता आपण एका भांडणाकडे वळू. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका २०११ ते २०१९ अशी ८ पर्वं चालली. शेवटचं पर्व पुन्हा करा, म्हणून १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. गुलामांना सोडवणारी डेनेरिस शरण आलेलं शहर जाळते, हे पुष्कळांना पटलं नाही. दुसरे म्हणतात, तिची क्रूरता आधीपासून दिसत होतीच की! ॲरिस्टॉटलच्या मते घटना आधीच्या घटनांतून निघायला हवी. नुसती त्यांच्यानंतर येऊन भागत नाही. म्हणजे दोन्ही पक्षांचा प्रश्न एकच: ती बदलली, तर का? आवडता शेवट मागायचा हक्क आपल्याला नाही, कारण मागायचा मात्र आहे. शेवटच्या पर्वात भाग ६च होते. कारणाला तिथं जागा अपुरी पडली, असं आम्हाला वाटतं.