रानातील अळंब्यांची ओळख : क्षेत्रमार्गदर्शिकेची निवड

प्रस्तावना :

पावसाळी अभ्याससहलीवरून परतणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिशवीत वनस्पतींच्या नमुन्यांबरोबर दोन-चार अळंब्या हमखास असतात. त्या टेबलावर मांडल्या की शिक्षकाला दोन प्रश्न विचारले जातात : हिचे नाव काय, आणि ही खाता येते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावर अवलंबून असते आणि पहिल्याचे उत्तर आपण बहुधा ग्रंथालयातील एखाद्या सचित्र पुस्तकात शोधतो. ते पुस्तक कसे निवडावे, याविषयी प्रस्तुत लेखात विवेचन केले आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेस अनुसरून येथे 'जाती' व 'प्रजाती' हे शब्द वापरले असून, प्रजाती हा अनेक जातींचा समूह होय.

एक अनुभव :

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडांगणालगतच्या हिरवळीवर मोठ्या, पांढऱ्या, तपकिरी खवल्यांच्या छत्र्या उगवल्या. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने त्यांतील एक उपटून आणली. सोबत ग्रंथालयातील ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेले एक देखणे पुस्तकही आणले होते. "मॅडम, हीच ना?" असे म्हणून तिने पान उघडले. चित्र मॅक्रोलेपिओटा प्रोसेरा या जातीचे होते. छत्र, खवले, देठावरचे सरकणारे वलय, सर्व काही जुळत होते. खाली 'उत्तम खाद्य' अशी नोंद होती. प्रस्तुत लेखिकेलाही प्रथमदर्शनी ते पटले, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

केवळ प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून छत्र देठापासून कापून कोऱ्या कागदावर पालथे ठेवले व वर काचेचे भांडे झाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर बीजुकांचा ठसा उमटला होता. मॅक्रोलेपिओटाचा ठसा पांढरा असावयास हवा. हा ठसा मळकट हिरवा होता. ती अळंबी क्लोरोफायलम मोलिब्डायटिस होती. ही जाती उष्ण प्रदेशांत हिरवळीवर व कुरणांत सर्रास उगवते. ती खाल्ल्यास काही तासांतच तीव्र उलट्या व जुलाब होतात. उत्तर अमेरिकेत अळंबीच्या विषबाधेचे सर्वाधिक आढळणारे कारण हीच जाती मानली जाते.

पुस्तकात चूक नव्हती. ज्या थंड प्रदेशासाठी ते लिहिले गेले, तेथे क्लोरोफायलम मोलिब्डायटिस क्वचितच आढळते; त्यामुळे तिच्याविषयी सावध करण्याची गरज लेखकास भासली नसावी. चूक आमची होती. आम्ही दुसऱ्या भूमीचे पुस्तक आपल्या हिरवळीवर वाचत होतो.

पुस्तकाची भूमी :

सपुष्प वनस्पतींच्या बाबतीत परदेशी पुस्तक वापरल्यास फारसे बिघडत नाही. आपले झाड त्यात नाही, हे लगेच लक्षात येते. अळंबीचे तसे नाही. छत्र, देठ आणि छत्राखालची पातळ पटले एवढ्या मोजक्या अवयवांवर हजारो जाती उभ्या असल्याने परक्या पुस्तकातही आपल्या नमुन्यासारखे काहीतरी सापडतेच. जगात वर्णन झालेल्या कवकांची संख्या सुमारे दीड लाख आहे, तर प्रत्यक्षात ती २२ ते ३८ लाख असावी, असा अंदाज हॉक्सवर्थ व ल्यूकिंग यांनी २०१७ साली मांडला. अशा विश्वातील पाचशे-सातशे चित्रांत आपला नमुना असेलच, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

आपल्याकडील सर्वांत परिचित रानअळंबीचेच उदाहरण घेऊ. श्रावणाच्या सुमारास कोकणात व गोव्यात वारुळांवर उगवणारी अळंबी आणि विदर्भात सात्या म्हणून ओळखली जाणारी अळंबी टर्मिटोमायसिस या प्रजातीत मोडते. ही कवके वाळवीने आपल्या वारुळात जोपासलेली असतात; देठाचा मुळासारखा लांब भाग जमिनीखालच्या वाळवीच्या घरट्यापर्यंत पोहोचतो. कवकपालन करणारी वाळवी आफ्रिका व आशिया येथेच आढळते. परिणामी युरोप वा अमेरिकेच्या मार्गदर्शिकेत ही संपूर्ण प्रजातीच नसते. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबी असतो. तो हाती धरून एखादा विद्यार्थी युरोपीय पुस्तकात शोधू लागला, तर तो एन्टोलोमासारख्या गुलाबी ठशाच्या प्रजातीपाशी पोहोचेल, आणि एन्टोलोमात विषारी जाती आहेत. म्हणजे हिरवळीवरच्या प्रसंगात विषारी अळंबी खाद्य ठरली, येथे खाद्य अळंबी विषारी ठरेल. दोन्ही वेळा चूक एकाच प्रकारची आहे.

अधिवासाच्या नोंदींबाबतही हेच म्हणता येईल. 'बर्चखाली', 'बीचच्या रानात' अशा नोंदी त्या देशांत ओळखीची मोठी खूण असतात, कारण अनेक अळंब्यांचे विशिष्ट वृक्षांच्या मुळांशी सहजीवन असते. ऐन, जांभूळ, अंजनी यांच्या सह्याद्रीतील रानात या खुणांचा उपयोग होत नाही.

याची उलट बाजूही पाहावयास हवी. पुस्तक जसे भूमीचे असते, तसे अनुभवाने आलेले ज्ञानही भूमीचे असते. वारुळावरची अळंबी गोळा करून रस्त्याकडेला विकणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान त्यांच्या परिसरातील मोजक्या जातींपुरते अत्यंत भरवशाचे असते. परंतु प्रदेश बदलला की तेच ज्ञान फसवू शकते. २०११ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे नववर्षाच्या पूर्वसंध्येच्या जेवणात रानातील अळंबी खाल्ल्याने जानेवारी २०१२ मध्ये दोघांचा मृत्यू झाला. ती अळंबी अ‍ॅमानिटा फॅलॉइडिस होती. मूळची युरोपातील ही जाती तेथे ओक वृक्षांबरोबर पोहोचली आहे. आशियातून स्थलांतरित झालेल्यांना ती भाताच्या पेंढ्यावरच्या व्हॉल्व्हॅरिएलासारखी वाटते, असा इशारा तेथील आरोग्ययंत्रणा वारंवार देतात. दोहोंच्या देठाच्या तळाशी पिशवीसारखे आवरण असते. मात्र व्हॉल्व्हॅरिएलाच्या देठावर वलय नसते व तिचा ठसा गुलाबी असतो. अ‍ॅमानिटाचा ठसा पांढरा असतो.

अ‍ॅमानिटातील विषाची रीत विशेष घातक आहे. अल्फा-अ‍ॅमानिटिन हे द्रव्य पेशीतील आरएनए पॉलिमरेज-२ या विकराचे कार्य थांबवते. शिजवल्याने ते नष्ट होत नाही. लक्षणे ६ ते १२ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसू लागतात. त्यानंतर रुग्णास काही काळ बरे वाटते आणि त्याच काळात यकृताची हानी चालू असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामातील चहामळ्यांच्या परिसरात रानातील अळंबी खाल्ल्याने १३ जण मरण पावले. चांदीचे नाणे काळे पडणे, लसणाचा रंग बदलणे, किड्यांनी खाल्लेली अळंबी निर्धोक मानणे या परीक्षा आपल्याकडेही सांगितल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. ज्या मार्गदर्शिकेत त्या गांभीर्याने दिलेल्या असतील, ती तेथेच बाजूला ठेवावी.

चित्रे आणि किल्ली :

पुस्तक चाळताना आपले लक्ष छायाचित्रांकडे जाते. छायाचित्र एका नमुन्याचे असते. त्या जातीचे नसते. कोवळी, उमललेली व जून अळंबी एकमेकींपासून इतकी भिन्न दिसते की एकाच चित्रावरून केलेली ओळख अपुरी ठरते. या दृष्टीने रॉजर फिलिप्स यांच्या १९८१ सालच्या ब्रिटन व युरोपविषयक पुस्तकाची पद्धत आजही अभ्यासण्यासारखी आहे. त्यात साध्या पार्श्वभूमीवर एकाच जातीचे निरनिराळ्या वयाचे नमुने व उभे छेद शेजारीशेजारी मांडले आहेत. चांगले रेखाचित्रही हे काम करू शकते. किंबहुना अनेकदा ते अधिक चांगले करते, कारण चित्रकार महत्त्वाची खूण निवडून ठळक करतो.

मात्र अध्यापनाच्या दृष्टीने चित्रांहून महत्त्वाची असते ती ओळख-किल्ली, म्हणजे प्रत्येक पायरीवर दोन पर्यायांतून एक निवडत पुढे नेणारी प्रश्नमालिका. चित्र वाचकाला 'हे असे दिसते का?' एवढेच विचारते. किल्ली मात्र त्याने न पाहिलेले पाहावयास लावते. देठाच्या तळाशी आवरण आहे काय, हा प्रश्न समोर आला की विद्यार्थ्याच्या ध्यानात येते की त्याने अळंबी छत्राला धरून उपटली आणि नेमका तोच भाग मातीत राहिला. पुढच्या सहलीत तो खुरपे घेऊन येतो. डेव्हिड अरोरा यांचे 'मशरूम्स डिमिस्टिफाइड' (१९७९, दुसरी आवृत्ती १९८६) हे मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या परिसरावर आधारलेले जाडजूड पुस्तक आहे. त्यातील जातींची नावे आपल्याला फारशी उपयोगी नाहीत. तरी प्रजातीपर्यंत नेणाऱ्या त्याच्या किल्ल्या, ठसा घेण्याची रीत आणि निरीक्षणाची शिस्त शिकवण्यासाठी ते ग्रंथालयात असावे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी एक साधी कसोटी लावता येते. एखादी खाद्य जाती उघडावी आणि तिच्याशी गल्लत होणाऱ्या विषारी जातींचा उल्लेख त्याच पानावर, फरकाच्या खुणांसह आहे काय ते पाहावे. मॅक्रोलेपिओटाच्या पानावर हिरव्या ठशाचा उल्लेख नसेल, तर भारतातील हिरवळीसाठी ते पुस्तक अपुरे आहे.

आवृत्तीचे वर्ष :

नावे बदलतात ही अडचण त्या मानाने किरकोळ आहे. कोप्रिनस अ‍ॅट्रामेन्टॅरियस आता कोप्रिनॉप्सिस झाली, एवढे सूचीत पाहून उमगते. खाद्यतेविषयीच्या नोंदी जुन्या होणे अधिक गंभीर असते. पॅक्सिलस इन्व्होल्युटस युरोपात दीर्घकाळ खाल्ली जात असे. १९४४ साली जर्मन कवकशास्त्रज्ञ युलिउस शेफर यांचा मृत्यू तीच खाल्ल्याने झाला. ट्रायकोलोमा एक्वेस्ट्रे ही अनेक पुस्तकांत उत्तम खाद्य म्हणून नोंदलेली होती. २००१ साली फ्रान्समधील १२ रुग्णांत तिच्या सेवनानंतर स्नायूंचा ऱ्हास झाल्याचे व त्यांपैकी ३ दगावल्याचे प्रसिद्ध झाले. त्या निष्कर्षावर पुढे मतभेद झाले आहेत, तरीही २००१ पूर्वीच्या पुस्तकातील 'उत्तम' हा शब्द तसाच स्वीकारता येणार नाही.

भारतीय साधने :

महाराष्ट्रापुरते पाहता पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या नैर्ऋत्य भारतातील अळंब्यांवरील प्रबंधात साठे व देशपांडे यांनी महाराष्ट्रातील जातींचे वर्णन केले आहे. ही संस्था आज आघारकर संशोधन संस्था या नावाने परिचित असून तेथे कवकांचा नमुनासंग्रहही आहे. पेग्लर यांचा श्रीलंकेतील अळंब्यांवरील १९८६ सालचा ग्रंथ पश्चिम घाटातील अभ्यासकास युरोपीय पुस्तकांपेक्षा अधिक जवळचा वाटेल. भारतात कोणत्या जातींची नोंद झाली आहे, हे पाहण्यासाठी 'कवक' या नियतकालिकात २००५ साली आलेली नटराजन व सहकाऱ्यांची सूची उपयुक्त आहे. तिच्यात चित्रे नाहीत. पण परदेशी पुस्तकाने सुचवलेले नाव भारतात कधी नोंदले गेले आहे काय, एवढे तपासले तरी निम्म्या चुका टळतात, असा आमचा अनुभव आहे.

ही साधने सहलीत न्यावयाची नाहीत. त्यांना सूक्ष्मदर्शक लागतो. सहलीत वही, खुरपे, कागदी पिशव्या व निम्मा पांढरा, निम्मा काळा कागद पुरेसा होतो. पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही. पुस्तकाचे आकारमान, बांधणी व कागद यांविषयी बरेच लिहिले जाते. आपल्या पावसात कोणतेही पुस्तक शेवटी पिशवीतच राहते.

नवी साधने :

विद्यार्थ्यांच्या हाती आता भ्रमणध्वनीवरील ओळख-उपयोजने आहेत. ऑस्ट्रेलियात तीन उपयोजनांची ७८ नमुन्यांच्या छायाचित्रांवर चाचणी घेण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार सर्वांत चांगल्या उपयोजनाने ४९ टक्के नमुने अचूक ओळखले. त्याच वर्षी न्यूयॉर्क मायकोलॉजिकल सोसायटीने यंत्राने रचलेली अळंबीविषयक पुस्तके इंटरनेटवर विक्रीस आल्याचा इशारा दिला. म्हणून मार्गदर्शिका मागवताना लेखकाचे नाव अन्यत्र कोठे आढळते काय, त्याने कोणत्या प्रदेशात काम केले आहे आणि छायाचित्रे कोठे घेतली आहेत, हे पाहणे आता क्रमप्राप्त झाले आहे. छायाचित्राखाली स्थळ व महिना दिलेला नसेल, तर खरेदीच्या यादीतून ते नाव वगळावे.

आमच्या ग्रंथालयातील ते ब्रिटिश पुस्तक काढून टाकलेले नाही. त्या विद्यार्थिनीने मॅक्रोलेपिओटाच्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिले आहे : 'आपल्या मैदानावर येते ती ही नव्हे. ठसा हिरवा.' त्याखाली तारीख आहे. त्या पानाला तिने घेतलेल्या ठशाचा कागद टाचून ठेवला असून त्याचा रंग आता तपकिरीकडे झुकू लागला आहे.