नाण्याची पारख आणि पारख्यावरील विश्वास



बेळगावच्या पश्चिमेस बेळगुंदी नावाचे गाव आहे. तेथील एक परिचित शेतकरी गृहस्थ काही महिन्यांपूर्वी मजकडे आले आणि त्यांनी रुमालाची एक पुरचुंडी माझ्यासमोर सोडली. आजीच्या पेटीतून निघालेली नाणी तीत होती. तांब्याच्या चार शिवराया, फारसी अक्षरांचा एक जुना चांदीचा रुपया, पंचम जॉर्जचा १९११ सालचा एक रुपया आणि सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा एक. कोणा व्यापाऱ्याने त्यांना सांगितले होते, “ही नाणी अमेरिकेस पाठवून त्यांची प्रतवारी करून घेऊ. प्रमाणपत्र आले की लाखांनी किंमत येईल. नाणी आणि शुल्क तेवढे माझ्या स्वाधीन करा.” मुलीच्या शिक्षणाचा खर्च डोळ्यांपुढे होता. “विश्वास ठेवावा काय?” एवढाच त्यांचा प्रश्न. तोच आजच्या भाषणाचा विषय आहे.

नाणे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पारखून घेणे आपल्याकडे नवीन नाही. मराठेशाहीत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत. प्रत्येकाचे वजन आणि कस वेगळा. त्यांची पारख करणारा तो पोतदार. आज आडनाव म्हणून उरलेला हा शब्द एकेकाळी फार मोठ्या भरवशाचा होता. सराफ रुपया वाजवून पाहत, शंका आल्यास त्यावर लहानसा ठसा मारून आतील चांदी तपासत आणि हिणकस ठरल्यास बट्टा कापून घेत. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा व एकाच कसाचा रुपया काढला, तेव्हापासून या पारखीची गरज हळूहळू कमी होत गेली.

जुनी नाणी संग्राहकांच्या बाजारात आली आणि पारख्याची गरज पुन्हा उत्पन्न झाली. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचविली. मुळात ती किमतीचे प्रमाण सांगणारी होती. पुढे तीच सर्व नाण्यांच्या स्थितीचे माप बनली. १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या संस्था निघाल्या. त्यांची पद्धत अशी की, नाण्याचा मालक कोण हे परीक्षकांस कळू द्यावयाचे नाही. एकाहून अधिक परीक्षकांनी ते स्वतंत्रपणे पाहावयाचे. मग अंक ठरवून नाणे कठीण, पारदर्शक प्लास्टिकच्या वेष्टनात बंद करावयाचे. वेष्टनावर क्रमांक असतो आणि तो संस्थेच्या दफ्तराशी ताडून पाहता येतो. विकणारा व घेणारा या दोघांशीही संबंध नसलेला तिऱ्हाईत निवाडा देतो, हा या व्यवस्थेचा मोठा गुण होय.

परंतु या निवाड्याच्या मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. वजन काट्यावर ठरते, धातूचा कस यंत्राने ठरतो. ६४ की ६५ हे मात्र माणसाचा डोळा ठरवितो. एकाच नाण्यास दुसऱ्या खेपेस वेगळा अंक मिळाल्याची उदाहरणे संग्राहकांस ठाऊक आहेत. म्हणूनच काहीजण वेष्टन फोडून तेच नाणे पुन्हा पाठवितात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० साली एका अग्रगण्य संस्थेच्या जाहिरातींवर हरकत घेतली होती, ती याच मुद्द्यावर. प्रतवारी हे जाणकाराचे मत आहे. त्यास तराजूच्या मापाची निश्चिती नसते. शिवाय खोट्या नाण्यांप्रमाणे आता खोटी वेष्टनेही निघाली आहेत आणि त्यांवर कधीकधी खरे क्रमांक छापलेले असतात.

आपल्या नाण्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. शिवराई हाताने घडविलेली. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. त्यामुळे ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे पुरती क्वचितच उमटत. अक्षर झिजले की मुळातच उमटले नाही, हे ओळखण्यास त्या जातीची पुष्कळ नाणी हाताळलेली असावी लागतात. शिवरायांच्या पश्चातही दीर्घकाळ शिवराया पाडल्या जात होत्या. एखादी शिवराई शिवकालीन की पेशवाईतील दुदांडी, यावर तिचे मोल अवलंबून असते. नुसता स्थितीचा अंक ते सांगत नाही. फारसी अक्षरांच्या रुपयाचेही तसेच. त्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचे असले तरी तो मराठ्यांच्या टांकसाळीतील असू शकतो. बेळगावचे मोगली नाव आझमनगर; ते नाव धारण करणारे असे रुपये संग्राहकांस परिचित आहेत. त्यांचा निर्णय बारीक चिन्हांवरून होतो. त्या गृहस्थांच्या रुपयावर सराफांच्या तीन खुणा होत्या. ज्या खुणांनी तो एकेकाळी बाजारात निःशंक चालला असेल, त्याच आज प्रतवारीत बहुधा दोष म्हणून लिहिल्या जातील.

आता कायद्याकडे वळू. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे ही पुरावस्तू होय. ती परदेशी नेण्याचा वा पाठविण्याचा अधिकार केंद्र सरकारला व त्याने अधिकृत केलेल्या संस्थेलाच आहे. उल्लंघन करणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. म्हणजे त्या पुरचुंडीतील शिवराया आणि फारसी रुपया तर राहोच, १९११ चा रुपयाही कोणास परस्पर अमेरिकेस पाठविता येत नाही. हा तोच ‘डुक्कर रुपया’. राजाच्या झग्यावरील हत्तीचे चित्र डुकरासारखे दिसते म्हणून ओरड झाली आणि पुढील वर्षी ते बदलावे लागले. त्यासही आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत.

राहिला १९३९ चा रुपया. तो फार दुर्मिळ, म्हणूनच १९३८ च्या रुपयाचा शेवटचा आकडा कोरून पुष्कळ ‘१९३९’ तयार केले जातात. आम्ही तो सोनाराच्या काट्यावर ठेविला. वजन बरोबर ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, भरले. पण १९३८ चा अस्सल रुपयाही तेवढाच भरतो. तेव्हा वजनाने काहीच सिद्ध झाले नाही. भिंगाखाली ९ च्या डाव्या अंगाचा पृष्ठभाग मला निर्मळ वाटला नाही. मी निर्णय दिला नाही. तिऱ्हाईत परीक्षकाचे शुल्क भरणे योग्य ठरते ते अशा ठिकाणी. भारतातही अशा संस्था आहेत, आणि हे नाणे शंभर वर्षांच्या आतील आहे.

नाणे स्वाधीन करण्यापूर्वी काही पथ्ये पाळावीत. दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत, वजन लिहून ठेवावे, सहीची पावती घ्यावी. मध्यस्थाऐवजी संस्थेशी स्वतः पत्रव्यवहार करावा आणि हमीच्या अटी वाचाव्यात. वेष्टनातले नाणे विकत घेताना क्रमांकाबरोबर दफ्तरातील छायाचित्र मिळते काय, तेही पाहावे. आणि दिवाळीच्या भांड्यांबरोबर नाणी चिंच व राखेने कदापि घासू नयेत. घासलेल्या नाण्याचे तेज वाढल्यासारखे दिसते, पण मोल उतरते. जुन्या मराठा नाण्यांविषयी पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था यांच्या प्रकाशनांतून पुष्कळ शिकता येते. शेतात नांगराखाली नाणी सापडली तर मात्र प्रथम सरकारदरबारी वर्दी द्यावी.

त्या गृहस्थांनी व्यापाऱ्यास नकार कळविला. १९३९ चा रुपया त्यांनी पावती घेऊन देशातच परीक्षेस पाठविला आहे. उत्तर यावयाचे आहे. तो अस्सल ठरला तर मुलीच्या शिक्षणास हातभार लागेल; न ठरला तर शुल्कापुरती झळ बसेल, तीही त्यांनी समजून-उमजून पत्करली आहे. शिवराया मात्र त्यांनी पुन्हा रुमालात बांधल्या. त्या कोणत्या काळातील, हे आधी स्वतः वाचून पाहीन, असे ते जाताना म्हणाले.