बंड्याला राजवाडा दाखवायचाय? चला जव्हारला!

घरात कुत्रा असला की वीकएंडचा अर्धा उत्साह फोनवरच संपतो. 'पेट अलाऊड आहे का हो?' विचारलं की पलीकडून नकार तरी येतो, नाहीतर असा रेट, की आपल्यालाच धाप लागावी. माझा बंड्या तर अस्सल गावठी. त्याला स्विमिंग पूल नको, मोकळा माळ हवा. म्हणून आमचा ठरलेला पत्ता म्हणजे जव्हार!

मुंबईहून साधारण दीडशे किलोमीटर. मनोर, विक्रमगड करत घाट चढलात की हवा बदलते. मुकणे घराण्याचं हे संस्थान. 1343 साली दिल्लीच्या महंमद तुघलकाने नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली आणि आदिवासी महादेव कोळी राजांचं हे राज्य 1948च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. त्यांनी बांधलेला गुलाबी दगडाचा जयविलास राजवाडा टेकडीवर, काजूच्या झाडांत उभा आहे.

वाडा खासगी मालमत्ता आहे. आत जाता येईल का, हे आधी विचारून घ्यायचं. कुत्र्याला आत सोडतील, ही अपेक्षा मात्र ठेवूच नका. आम्ही पाळी लावतो. एकजण वाडा बघतो, दुसरा बंड्याबरोबर बाहेर थांबतो. आणि खरं सांगू? बाहेरची पाळी मला जास्त आवडते. फोटोच्या नादात एरवी बघायची राहून जाणारी झाडं, दगड, दरीतून येणारा वारा, सगळं बंड्या नाकाने वाचतो आणि मला थांबायला लावतो.

तिथून शिरपामाळ. 1664च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले होते. विक्रमशहा राजांनी त्यांना शिरपेच दिला म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. माळ मोकळा आहे, तरी पट्टा सोडायचा नाही. का, ते मला साखरशेतला कळलं.

साखरशेत याच परिसरातलं गाव. भात, नाचणी, वरईची शेती, अंगणात कोंबड्या, कुडाला बांधलेल्या शेळ्या. आम्ही पाणी प्यायला थांबलो तर एका आजींनी बंड्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "काय काम करतो हा?"

मी म्हटलं, "काही नाही आजी, लाडाचा आहे."

आजी मनापासून हसल्या. "आमचा रातभर राखण करतो, तवा भाकर खातो!"

त्यांचा कुत्रा तिथेच सावलीत झोपला होता, नाइट ड्युटी संपवून. बंड्याने एका कोंबडीकडे झेप टाकली तर आपल्यासाठी तो किस्सा होईल. त्या घरासाठी तो बाजारहाटाचा पैसा असतो. शेळी म्हणजे तर अडीअडचणीची बँकच. 'पेट फ्रेंडली' जागा शोधताना आपण नेहमी विचारतो, तिथे माझ्या कुत्र्याला चालेल का? माझा कुत्रा तिथल्यांना चालेल का, हा प्रश्न मात्र राहूनच जातो. दोन्ही प्रश्न विचारले तर पुढच्या वेळी तुमचं आणि त्याचंही स्वागत होईल.

निघण्यापूर्वी

• रेबीज आणि लेप्टोची लस वेळेवर घेतलेली हवी. गोचिडांचं औषध व्हेटला विचारून लावा.
• ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सीझन उत्तम. उन्हाळ्यात डांबरावर तळहात टेकवून बघा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार.
• पाणी, वाडगं आणि शी उचलायच्या पिशव्या सोबत ठेवा.
• गावातल्या कुत्र्यांपासून अंतर ठेवा. तो त्यांचा इलाखा आहे.
• अंधार पडला की कुत्रा घरात. जंगलाचा भाग आहे आणि बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य असतं.
• पट्टा, पट्टा आणि पट्टा!