पोट लहान झाले, काम तेवढेच राहिले

बाह्य तपाचे जे सहा प्रकार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत अनशनानंतर लगेच अवमौदर्याचा क्रम लागतो. श्वेतांबर परंपरेत यालाच ऊनोदरी म्हणतात. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा व स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा मानून त्याहून काही घास कमी घ्यावेत, असे या तपाचे स्वरूप जुन्या आचार्यांनी समजावले आहे. घास मोजण्याची ही सवय बहुतेक घरांतून केव्हाच गेली. आता ती काही घरांत परत येत आहे, पण साधुसाध्वींच्या उपदेशामुळे नव्हे, तर शल्यचिकित्सकाच्या सूचनेमुळे. स्थूलतेवरील शस्त्रक्रिया करून घेणारी माणसे आपल्या समाजातही आता विरळ राहिलेली नाहीत.

यांतील अधिक प्रचलित शस्त्रक्रियेत, म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत, जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्या, बायपास नावाच्या प्रकारात जठराची लहानशी थैली करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने होतात. पोटावर चार-पाच लहान छेद दिसतात आणि बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी येतात. हे छेद लहान असतात, हीच पुढच्या अनेक घोटाळ्यांची सुरुवात आहे. बाहेरून काही दिसत नाही म्हणून घरच्यांना वाटते, झाले सगळे. आत मात्र जठराच्या कडेने टाक्यांची एक लांब रेघ असते आणि ती सांधायला काही आठवडे लागतात.

त्यात घरून काम करण्याची सोय आली. पूर्वी माणूस कचेरीत जायला समर्थ होईपर्यंत रजेवर असे. आता प्रवास नाही, जिना नाही, टेबल झोपण्याच्या खोलीतच आहे. मग पाचव्या दिवशी संगणक उघडायला हरकत काय, असा विचार होतो. बैठे काम करणारा रुग्ण साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत कामावर परतू शकतो आणि घरून काम करणाऱ्याला ते थोडे लवकरही जमते. मात्र आधी अर्धा दिवस आणि मग पूर्ण दिवस, ही पायरी सोडू नये. पहिल्या पंधरवड्यात पोटात जाणारे अन्न इतके अल्प असते की दुपारपर्यंत डोके चालेनासे होते. तीव्र वेदनाशामक गोळ्या चालू असतील, तर त्या काळात हिशेबाच्या किंवा कराराच्या कागदांवर सही न केलेली बरी.

पुण्यातील एका ओसवाल कुटुंबातील सुनेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वय एक्केचाळीस, मधुमेह, गुडघेदुखी आणि एका परदेशी कंपनीचे हिशेब घरूनच पाहण्याची नोकरी. अमेरिकेतील सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे तिच्या बैठका साडेसहाला सुरू होत आणि नऊपर्यंत चालत. शस्त्रक्रियेसाठी तिने दहा दिवसांची रजा घेतली होती, आणि तीही कारण न सांगता. घरात चौविहाराचा नेम होता. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. डिसेंबरचा महिना होता. अकराव्या दिवशी ती कामाला बसली आणि चौदाव्या दिवशी तिला चक्कर आली. तपासणीत दुसरे काही निघाले नाही. शरीरातील पाणी कमी झाले होते, एवढेच.

याचा हिशेब सोपा आहे, पण तो आधी कोणी मांडला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान दीड लिटर द्रव पोटात जावा लागतो, आणि तो घोटाघोटानेच घेता येतो. पेला तोंडाला लावून पाणी पिणे आता शक्य नसते. पुण्यात डिसेंबरअखेरीस सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सहानंतर थोड्याच वेळात मावळतो. नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटे सोडली, तर हाती उरतात सव्वादहा तास. म्हणजे दर पंधरा मिनिटांना 35 ते 40 मिलीलिटर, आणि तेही दिवसभर न चुकता. दुपारी एक बैठक दोन तास लांबली आणि संकोचाने पाण्याला हात लावला नाही, की तीनशे मिलीलिटर पाणी हुकले. ते रात्री भरून काढण्याची मुभा चौविहारात नाही.

सासूबाईंनीच मग महाराजसाहेबांकडे हा प्रश्न नेला. त्या जुन्या वळणाच्या. सुनेने नेम मोडावा असे त्यांना वाटणे शक्यच नव्हते. उत्तर मिळाले ते शास्त्रातलेच होते. पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात आणि आजारपणात समाधी टिकावी म्हणून औषधाचा आगारही त्यांत आहे. तोवर तिविहार करावा, उकळलेले पाणी रात्री घ्यावे, अन्न मात्र दिवसाच. घरी येऊन सासूबाई सुनेला म्हणाल्या, “नेम तुझ्यासाठी आहे गं, तू नेमासाठी नाहीस. नऊपर्यंत बोलत बसतेस ना त्या लोकांशी, मग पाण्याचा तांब्या शेजारी ठेव.” सुनेने विचारले, “आई, लोक काय म्हणतील?” त्यावर त्यांनी दिलेले उत्तर छापण्याजोगे नाही.

रात्रीभोजनत्याग या रुग्णांना एरवी हितकारकच ठरतो. अडचण येते ती दिवस फार गच्च भरतो म्हणून. पहिले एक-दोन दिवस नितळ द्रव, मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत दूध-ताकासारखे पातळ पदार्थ, त्यानंतर घोटलेले अन्न, मग मऊ अन्न, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम असतो. घट्ट अन्न सुरू झाले की जेवताना पाणी चालत नाही आणि जेवणानंतरही अर्धा तास थांबावे लागते. त्याखेरीज दिवसाला 60 ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जायला हवीत. आपल्याकडे आजाऱ्याला वरणाचे पाणी देण्याची रीत आहे. त्या पाण्यात प्रथिने नावापुरतीच असतात; ती असतात खाली राहिलेल्या डाळीत. 100 ग्रॅम पनीरमध्ये सुमारे 18 ग्रॅम, अर्ध्या लिटर दुधात पंधरा-सोळा ग्रॅम. साय काढलेल्या दुधाची पूड दुधातच कालवली, तर तेवढ्याच घोटांत प्रथिने वाढतात. मुगाचे घोटलेले वरण उत्तम. मात्र द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी त्यात कच्चे दही किंवा ताक न मिसळता ते वेगळ्या वेळी घ्यावे. कांदा, लसूण, बटाटा नसल्याने काहीही अडत नाही, उलट बटाट्याची अनुपस्थिती सोयीची आहे.

औषधांच्या बाबतीत आपल्या वाचकांना अधिक चौकस राहावे लागेल. या शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. काही महिन्यांनी बरे वाटले म्हणून त्या बंद करता येत नाहीत. बी-12 ची उणीव शाकाहारी माणसात आधीच असू शकते, आणि शस्त्रक्रियेनंतर ते अन्नातून शोषले जाणे आणखी अवघड होते. अनेक कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले असते. काही कॅल्शियमच्या गोळ्या शिंपल्यांपासून तयार होतात. जीवनसत्त्व डी-3 बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून काढतात. औषधांवर खाद्यपदार्थांसारखा हिरवा ठिपका बहुधा नसतो, म्हणून हे दुकानात नव्हे, तर शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना विचारायला हवे. कॅल्शियम सायट्रेट, वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूल, लायकेनपासून मिळवलेले डी-3 हे पर्याय आहेत. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून जी हेपॅरिनवर्गीय इंजेक्शने देतात, ती डुकराच्या आतड्यापासून बनतात. फोंडापॅरिनक्स नावाचे कृत्रिम औषध उपलब्ध आहे, पण ते कोणाला चालेल हे डॉक्टरच ठरवू शकतात. इंजेक्शन परस्पर नाकारणे जिवावर बेतू शकते. आधी विचारले, तर बहुतेक वेळा मार्ग निघतो; भूल देण्याच्या टेबलावर विचारले, तर निघत नाही.

लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर लागते आणि कॅल्शियम एका वेळी 500 ते 600 मिलिग्रॅमहून अधिक शोषले जात नाही. म्हणजे गोळ्यांच्याच तीन-चार वेळा झाल्या. पाणी, प्रथिने, गोळ्या आणि कचेरीच्या बैठका यांचे एकच वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीला लावणाऱ्यांची घडी लवकर बसते.

घरून काम करणाऱ्यांना सर्वांत मोठा धोका खुर्चीचा आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याची शक्यता वाढलेली असते आणि ती गाठ फुप्फुसात गेली तर प्राणघातक ठरते. कचेरीत निदान चहाला, जेवायला माणूस उठतो; घरी एकाच जागी चार तास जातात. दर तासाला उठून पाच मिनिटे चालणे म्हणूनच औषधाइतके आवश्यक आहे. पोटरी सुजली किंवा दुखू लागली, दम लागला, नाडी मिनिटाला 120 च्या वर राहू लागली, ताप आला, पोटातील किंवा डाव्या खांद्यातील दुखणे वाढत गेले, तर बैठक संपण्याची वाट पाहू नये, त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. उलट्या थांबत नसतील तरीही तेच, कारण त्यातून थायमिनची कमतरता होऊन मेंदूला इजा होऊ शकते. मधुमेह आणि रक्तदाब यांची औषधे पहिल्या आठवड्यापासूनच कमी करावी लागतात. जुन्याच मात्रा चालू ठेवल्याने काम करता करता साखर उतरल्याची उदाहरणे आहेत.

कचेरीला काय सांगावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. रजेच्या दाखल्यावर पोटाची शस्त्रक्रिया एवढे लिहिलेले पुरते. पण ज्याच्याशी रोज काम पडते अशा एकाला तरी खरे सांगितलेले असावे, म्हणजे मधेच कॅमेरा बंद झाला तर गैरसमज होत नाही. पुण्याच्या त्या सुनेने अखेर आपल्या वरिष्ठांना सांगितले आणि दोन महिन्यांपुरती एक बैठक दुपारी घेतली जाऊ लागली. विम्याविषयी एवढे लक्षात असावे की, प्रमाणित अटींनुसार बीएमआय 40 किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा 35 किंवा त्याहून अधिक असून हृदयविकार, झोपेतील तीव्र श्वासावरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असल्यास ही शस्त्रक्रिया विम्यात बसू शकते. पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ मात्र आधी वाचावा.

राहिला उपवासाचा प्रश्न. पर्युषणात अठ्ठाई केलेल्या माणसाला पुढच्या वर्षी साधा एकासणाही करू नकोस म्हटले, की वाईट वाटते. परंतु झपाट्याने वजन उतरत असताना निर्जल किंवा दीर्घ उपवास केल्यास स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. पहिले वर्षभर तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको. आणि कापून लहान केलेल्या जठरामुळे घास कमी झाले, म्हणून ते अवमौदर्य झाले असेही नाही. तपाला इच्छा रोखावी लागते, इथे जागाच उरलेली नसते. याची आठवण नातेवाइकांनाही द्यावी लागते, विशेषतः लग्नाच्या पंगतीत “एक तरी जिलेबी” असा आग्रह धरणाऱ्यांना. बायपास झालेल्या माणसाला त्या एका जिलेबीने घाम, धडधड आणि पोटात कळा येऊ शकतात.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात आणि घाबरून फोन करणाऱ्यांची संख्या वाढते. ती गळती बहुधा तात्पुरती असते. रक्ततपासणी मात्र तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, आणि पुढे दरवर्षी करून घ्यायची असते.